गच्चीवर अँटेना नव्हताच, तरी मीटर खूश

त्या संध्याकाळी मी गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेले होते आणि सवयीने हातातला छोटा हँडसेट ४३७.८०० मेगाहर्ट्झवर लावून दोरीला अडकवला होता. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पुण्यावरून जायची वेळ झाली होती. स्थानकावर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींसाठी एक रिपीटर आहे. तो १४५.९९० वर ऐकतो आणि ४३७.८०० वर बोलतो. मी चादरीची घडी घालत होते, तेवढ्यात हँडसेटमधून खणखणीत आवाज आला. कुणीतरी आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं रेडिओचं नाव, सांगत होतं, दुसरा त्याला आवाज कसा पोचतोय त्याचा रिपोर्ट देत होता. हँडसेटला काय, बोटभर रबरी अँटेना. मी कपडे तिथेच टाकून दोन मजले उतरून घरात पळाले. माझा मोठा रेडिओ लावला, ज्याचा अँटेना त्याच गच्चीवर पाइपावर उभा होता, माझ्या डोक्याच्याही वर दोन पुरुष उंच. त्यावर नुसती खरखर. फ्रिक्वेन्सी थोडी वर-खाली करून पाहिली, खरखर दाबणारा स्क्वेल्च उघडून पाहिला. खरखर ती खरखर. स्थानक फार तर दहा मिनिटं आकाशात असतं. मी परत वर जाईपर्यंत ते मावळलंही होतं.

पाइपावरच्या अँटेनापेक्षा बोटभर रबर बरं ऐकतं, हे मनाला फार लागलं. तो अँटेना मी स्वतः केला होता. साधा ग्राउंड प्लेन: मधोमध ४९ सेंटिमीटरची एक उभी सळई, खाली पंचेचाळीस अंशांत उतरणाऱ्या चार सळया, आणि मध्ये एक एसओ-२३९ सॉकेट. १४५ मेगाहर्ट्झला ही उभी सळई पाव तरंगलांबीची होते आणि ४३५ ला पाऊण, म्हणून दोन्ही बँडांवर बऱ्यापैकी जमतं. साहजिकच सगळा संशय त्याच्यावर गेला. मी तो उतरवला, सळया घासून चकचकीत केल्या, पुन्हा डाग दिला, पुन्हा चढवला. फरक नाही. मग सळया बदलल्या. फरक नाही. यात दिवाळीची सगळी सुट्टी गेली. आणि गंमत म्हणजे एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे पाठवलेल्या पॉवरपैकी किती उलटी फिरली ते सांगणारा (१ म्हणजे काहीच नाही), प्रत्येक वेळी मला शाबासकी देत होता. १.२, कधी १.१. पुस्तकात लिहिलेलं असतं की दीडच्या खाली असला की काळजी नको. माझा आकडा बघून तर एखाद्याने पेढे मागितले असते.

खोटं उघडं पडलं ते अपघातानेच. एका रविवारी मी अँटेना गच्चीवरून खाली आणून बाल्कनीत रंगवत ठेवला होता. केबलचं वरचं टोक पाइपावर नुसतं लोंबत होतं. दुपारी रेडिओवरची धूळ पुसताना माईकचं बटण चुकून दाबलं गेलं आणि समोरच्या मीटरचा काटा हलला. १.७! म्हणजे केबलच्या पलीकडे काहीही नसताना, उघड्या टोकात पाठवताना, मीटर म्हणतो की ठीकठाक आहे. मला वाटलं मीटर बिघडला. रेडिओ ४३५ वर नेला, कमीत कमी पॉवर ठेवून क्षणभर बटण दाबलं. १.२ च्या आत. अँटेना बाल्कनीत वर्तमानपत्रावर ओला पडलेला, आणि मीटर म्हणतो अँटेना उत्तम!

मी लगेच काकांना फोन केला. काका म्हणजे आमच्या भागातले जुने हॅम. उभं आयुष्य वायरलेसमध्ये गेलेलं. परीक्षेसाठी मोर्स त्यांनीच माझ्याकडून घोटून घेतला होता. मी सगळी कहाणी सांगितली. ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत, मग विचारलं, "केबल कुठली वापरतेस गं?"

"आरजी-५८."

"किती?"

"तीस मीटर असेल."

"मग बरोबर आहे. मीटर खोटं नाही बोलत. तू त्याला प्रश्न चुकीचा विचारतेयस."

त्यांनी जे सांगितलं ते मी आजही नव्या मुलांना तसंच सांगते. गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला तू गड्याला गळकी बादली देऊन वर पाठवलंस. वर जाईस्तोवर पाऊण पाणी जिन्यातच सांडलं. उरलेलं त्याने कुंडीत घातलंच नाही, तसंच परत आणलं, आणि उतरताना त्यातलंही पाऊण सांडलं. खाली तू बादलीत डोकावलीस, तळाला चार थेंब. तू म्हणालीस, वा, झाडं सगळं पाणी प्यायली.

हेच आकड्यांत सांगायचं तर, १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ साधारण ६ डीबी (डेसिबल, घटीचं माप) खाते. ६ डीबी म्हणजे चौथा हिस्सा उरतो. मी १० वॉट सोडले की वर अडीच पोचतात. अँटेना नसेल तर ते अडीच वॉट उघड्या टोकावरून उलटे फिरतात आणि खाली मीटरपाशी येताना त्यांचाही चौथा हिस्सा उरतो, साधारण सव्वासहाशे मिलिवॉट. गेले १०, आले पाऊण वॉटहून कमी. मीटर बिचारा याचा हिशोब करून १.७ दाखवतो. ४३५ ला हीच केबल ११ डीबीच्या आसपास खाते. तिथे १० वॉटमधले वर पोचतात जेमतेम पाऊण वॉट, आणि परत येणारं तर मोजण्यासारखंच नसतं. ऐकण्यातही तोच घाटा. अंतराळ स्थानकाकडून आलेला क्षीण आवाज अँटेनाने इमानाने पकडला होता. तो माझ्या टेबलापर्यंत येता येता बाराव्या-तेराव्या हिश्शावर आला आणि खरखरीत बुडाला. रबरी अँटेना रेडिओलाच चिकटलेला, त्याला केबलचा पल्लाच नव्हता.

दोन महिने मी ज्या गोष्टीवर खूश होते तीच रोगाची खूण होती, हे पचायला एक रात्र गेली.

आता माझी केबल नेमकी किती खाते हे मोजायचं होतं. काकांकडे नॅनोव्हीएनए आहे. तळहाताएवढं, स्वस्तातलं यंत्र. हौशी लोकांच्या हातात हे आलं आणि निम्म्या दंतकथा संपल्या. रीत सोपी आहे. आधी यंत्र त्याच्या तीन नमुन्यांवर, म्हणजे उघडं, शॉर्ट आणि ५० ओहम, पारखून घ्यायचं. मग केबलचं खालचं टोक यंत्राला, वरचं टोक उघडं किंवा मधली तार आणि जाळी जोडून शॉर्ट. यंत्र परत येणारा सिग्नल किती डीबीने घटला ते सांगतं. तो जाऊन-येऊन प्रवास असतो, म्हणून निम्मा करायचा. माझ्या केबलचं उत्तर १४५ ला १३ डीबी आलं, म्हणजे एका दिशेने साडेसहा. काका म्हणाले, "तक्त्यापेक्षा अर्धा डीबी जास्त आहे. कुठेतरी पाणी शिरलंय." मला ते तेव्हा पटलं नाही.

आरजी-५८ मी घेतलीच कशी, याचं उत्तर लाजिरवाणं आहे. दुकानात जाऊन "रेडिओची केबल द्या, ५० ओहम" म्हणाले. त्याने ५ मिलिमीटर जाडीची काळी लवचिक केबल काढून दिली. ती माझ्या स्लायडिंग खिडकीच्या फटीतून सुळकन आत आली. बस, निवड संपली. खिडकीने केबल ठरवली, असंच म्हणायला हवं.

हे ५० ओहम काय असतं, हेही मी तेव्हा विचारलं नव्हतं. मधली तार आणि भोवतीची जाळी यांच्या व्यासांचं गुणोत्तर आणि मधलं प्लॅस्टिक यांवरून तो आकडा ठरतो. हवा भरलेल्या कोॲक्समध्ये, म्हणजे अशा तार-जाळीच्या केबलमध्ये, सर्वांत कमी लॉस ७७ ओहमच्या जवळपास असतो आणि सर्वांत जास्त पॉवर झेपते ती ३० ओहमला. ५० हा दोघांच्या मधला सौदा. टीव्हीवाल्यांना पॉवर पाठवायची नसते, फक्त क्षीण सिग्नल आणायचा असतो, म्हणून ते ७५ वर थांबले. ही कल्पनाच तशी जुनी आहे. ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडमध्ये कोॲक्सचं पेटंट १८८० साली घेतलं, रेडिओ जन्मायच्याही आधी. माणसाचं शालेय शिक्षण सोळाव्या वर्षी संपलेलं. असो.

तर पुढची केबल कुठली? इथून पुढे मला रोज नवा सल्ला मिळू लागला. सकाळी ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ) बँडवर हॅम मंडळींची नेट, म्हणजे रेडिओवरची बैठक भरते, तिथे विचारलं तर सातआठ जणांनी सातआठ उत्तरं दिली. प्रत्येकाला स्वतःची केबल उत्तम वाटते, नवऱ्याबद्दल असतं तसंच काहीसं. पण एक गोष्ट लक्षात आली. जे फक्त एचएफवर, म्हणजे ३० मेगाहर्ट्झच्या खाली, काम करतात ते म्हणत होते, "काही बदलू नका, आरजी-५८ झकास." आणि ते त्यांच्या जागी बरोबरच होते. ७ मेगाहर्ट्झला हीच केबल ३० मीटरमध्ये एक-सव्वा डीबीच खाते. समोरच्याच्या कानाला ते कळतही नाही. फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसा लॉस वाढतो, त्यामुळे "चांगली केबल कुठली" हा प्रश्न "कुठल्या बँडला आणि किती लांब" हे सांगितल्याशिवाय अर्धाच असतो.

मी तक्ता मांडला. ३० मीटरसाठी, १४५ आणि ४३५ ला. आरजी-५८: ६ आणि ११ डीबी. आरजी-२१३: पावणेतीन आणि ५. एलएमआर-४००: दीड आणि पावणेतीन. एलएमआर-४०० आणि आरजी-२१३ जाडीला सारख्याच, दोन्ही १०.३ मिलिमीटर. फरक आतला. आरजी-२१३ मध्ये भरीव पॉलिथिलीन असतं, एलएमआरमध्ये फेसाळ, शिवाय जाळीच्या आत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि मधली तार जाड, एकसंध.

मधेच भाच्याने आरजी-६ सुचवली. डिश टीव्हीची, गल्लीतल्या कुठल्याही दुकानात मिळते, स्वस्त. मी हसले, पण आकडे पाहिले तर हसू ओसरलं. मधल्या फेसाळ प्लॅस्टिकमुळे लॉसमध्ये ती आरजी-२१३ च्या तोडीस तोड, जरा सरसच. ७५ ओहमचा बाऊ करायचं कारण नाही, त्याने केबलवरचा एसडब्ल्यूआर दीडच होतो आणि त्यापायी जाणारा जास्तीचा लॉस नगण्य. अडचण वेगळीच: जाळी अ‍ॅल्युमिनियमची, तिला डाग बसत नाही. मधली तार बहुधा पोलादाची, वर तांब्याचा मुलामा. आपल्या प्लगांना ती नीट बसत नाही. नुसतं ऐकायचं असेल त्याने खुशाल आरजी-६ ओढावी आणि पैसे वाचवावेत. मला बोलायचंही होतं.

मी आरजी-२१३ वर शिक्कामोर्तब केलं आणि एका दुकानातून ३० मीटरचं बंडल आणलं. आवरणावर पांढऱ्या अक्षरांत नाव ठळक छापलेलं. भावही आरजी-२१३ चाच. उचलताना मनात एवढंच आलं, की अरे, हलकी आहे. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट बरंच वाटलं.

काकांनी बंडल हातात घेतलं आणि पहिलाच प्रश्न: "वजन केलंस?" घरात रद्दी मोजायचा ताणकाटा होता. सव्वातीन किलो. खरी आरजी-२१३ मीटरला दीडशे ग्रॅमच्या थोडी वर भरते, म्हणजे बंडल साडेचार किलोच्या पुढे हवं. सव्वा किलो तांबं गेलं कुठे? मग त्यांनी टोक सोललं. जाळी इतकी विरळ, की खालचं पांढरं प्लॅस्टिक माशांच्या जाळ्यातून दिसावं तसं दिसत होतं. चांगल्या केबलमध्ये जाळी जवळजवळ सगळं झाकते. मधल्या सात तारांपैकी एक सुटी केली. लोहचुंबक लावला, चिकटला नाही. मी म्हटलं, "बघा, पोलाद नाही." काका काही न बोलता चाकूने तार खरडू लागले. वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरीफटक. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. चुंबक पोलाद पकडतो, हे नाही पकडत. यंत्रावर लावलं तर १४५ ला एका दिशेने ४.३ डीबी. पावणेतीनच्या जागी.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळे हीच नेतात, कुणाची तक्रार नाही." त्याचं पहिलं वाक्य खरं असणार. दुसरंही खरं असेल, कारण मोजतो कोण? टोक सोडलं तर बंडल अखंड होतं, तरी त्याने पैसे परत दिले नाहीत. फार तर बदल्यात दुसरं काही न्या म्हणाला. मी दोन मल्टिमीटरच्या वायरी आणि एक सोल्डरचं रीळ घेऊन बाहेर पडले. त्या दिवसापासून माझा नियम: आधी हातभर तुकडा विकत घ्यायचा, घरी सोलून, खरडून बघायचा, मगच बंडल. तुकडा द्यायला जो दुकानदार कां-कू करतो त्याच्याकडून निघून यायचं.

आता खरी एलएमआर-४०० घ्यावी का? भाव ऐकून मी गप्प बसले. तेव्हा काकांनी ठेवणीतला उपाय काढला. "रविवारी माझ्याबरोबर जुन्या बाजारात चल."

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे काय मिळत नाही हे विचारावं. पितळी बंबापासून तुटक्या टाइपरायटरपर्यंत सगळं. मोबाइल टॉवरवर पूर्वी रेडिओची यंत्रं खाली खोलीत असायची आणि वर अँटेनापर्यंत अर्ध्या इंची जाड फीडर केबल जायची. आता रेडिओ वरच, अँटेनाच्या शेजारी बसवतात आणि खालून फायबर जातो. त्या उतरवलेल्या फीडर केबली भंगारात येतात. बाहेर काळं आवरण, आत पन्हाळीच्या पत्र्यासारखी लाटालाटांची तांब्याची अखंड नळी, मध्ये फेस, आणि गाभ्यात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची जाड सळई. इथे मात्र मुलामा चालतो, कारण तो जाड असतो आणि या फ्रिक्वेन्सीला विद्युतप्रवाह फक्त पृष्ठभागावरूनच वाहतो. लॉस १०० मीटरला १४५ वर २.७ डीबीच्या आसपास. वाचून खात्री करून घ्या, शंभर मीटरला. माझी आरजी-५८ तेवढं तेरा-चौदा मीटरमध्येच खायची.

भंगारवाला ती तांब्याच्या वजनावर विकत होता. त्याला डीबीशी काय देणंघेणं! काकांनी वेटोळ्याची दोन्ही टोकं बघितली. एका टोकाला नळी हिरवट पडली होती, पाणी शिरल्याची खूण. ते टोक दीड हात कापायला लावलं, तेव्हा आतून स्वच्छ लाल तांबं निघालं. मग बोटाने सबंध वेटोळं चाचपत गेले. कुठे चेमटलेलं, कुठे मुरड पडलेली नाही ना, हे बघत. मुरड पडली की तिथे ५० ओहम राहत नाहीत. ३० मीटर घेतली. ट्रकच्या टायरएवढं वेटोळं रिक्षात बसेना. रिक्षावाल्याने शेवटी ते टपावर बांधलं आणि सबंध रस्ताभर विचारत राहिला की ताई, याचं करणार काय.

केबल स्वस्त पडली, कनेक्टर नाही. अर्ध्या इंचाचे एन कनेक्टर दोन घेतले, त्यांनीच भंगारवाल्याच्या बिलाला मागे टाकलं. ते बसवणं हा एक वेगळाच संस्कार आहे. आवरण ठरावीक मापाने सोलायचं, नळी लाटेच्या माथ्यावरच करवतीने कापायची, फेस साफ करायचा आणि नळीची कड बाहेर वळवायची. तांब्याचा एक बारीक कीस आत राहिला तरी शॉर्ट. माझा पहिला कनेक्टर शॉर्टच झाला. दुसऱ्यांदा टोक खाली धरून कापलं, कीस आपोआप बाहेर पडला. नेहमीच्या पीएल-२५९ प्लगला डाग देताना इस्त्री केल्यासारखं तापवत बसावं लागतं, इथे निदान ते नाही. पान्यांनीच काम.

मग अडथळा पुन्हा तोच, खिडकी. अर्ध्या इंची केबल वळते, पण निदान साडेबारा सेंटिमीटरच्या त्रिज्येत. खिडकीतून टेबलाकडे वळवायला जावं तर अर्धी खोली तिचीच होईल. म्हणून दोन्ही टोकांना लवचिक तुकडे. वर मीटरभर खरी आरजी-२१३, हातभर नमुना तपासून घेतलेली. खाली दीड मीटर आरजी-५८, खिडकीच्या फटीसाठी. एवढ्याशा तुकड्यात ४३५ ला अर्धा डीबी जातो, तो मी जाऊ दिला. काकांना ते अजून खटकतं. घरात पाऊस आला तर मला खटकेल.

सोसायटीच्या सेक्रेटरींना मी आधीच पत्र दिलं होतं, परवान्याची प्रत जोडून. त्यांनी परवानगी दिली, एकच अट: डक्टमधून न्यायची, दर्शनी भिंतीवर दिसता कामा नये. डक्टमध्ये दर मीटरला क्लॅम्प मारले. गच्चीवर कठड्याच्या आतून फिरवली. तिसऱ्याच दिवशी वर गेले तर वरचा आरजी-२१३ चा तुकडा स्वच्छ कापलेला! टीव्हीच्या केबलवाल्याचा पोरगा जुन्या, बंद पडलेल्या केबली काढत होता, त्याने "कुणाची नाही" म्हणून हीही तोडली. अर्ध्या इंचीवर त्याचा कटर चालला नाही म्हणून ती वाचली. आता दर दोन मीटरवर पिवळी पट्टी आणि तिच्यावर माझा कॉलसाइन आहे. कॉलसाइन कुणाला कळत नाही, पण पिवळा रंग बघून लोक जपून वागतात.

पावसाची तयारी मे महिन्यातच केली. प्रत्येक जोडाभोवती आपोआप एकजीव होणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत, म्हणजे पदर छपराच्या कौलांसारखे पडतात. तिच्यावर साधी काळी टेप, उन्हासाठी. खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल, आत यायचं नाही. वळिवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की विजांच्या भीतीने खालचा जोड सोडून खिडकीबाहेर टाकायचा, हा नियम मात्र टेपेने सुटत नाही. तो पाळायचाच.

जुनी आरजी-५८ उतरवली तेव्हा काकांचं म्हणणं आठवलं. वरच्या टोकाचा कनेक्टर कापला. जाळी काळीठिक्कर. हातभर आणखी कापली, तरी काळी. मीटरभर गेल्यावर कुठे तांबं लाल दिसलं. दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं जाळीत पाणी चढत जातं. मी त्या टोकाला नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. तो अर्धा डीबी तिथे होता.

उरलेली आरजी-५८ मी टाकली नाही. तिच्यावर ४० मीटरचा डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना, टांगला, आणि तिथे ती गुणी निघाली. फक्त एक प्रकार घडला. मी सात मेगाहर्ट्झवर बोलायला लागले की सोसायटीच्या टाकीचा "पाणी भरले" वाला बझर वाजायचा. पहिल्या दिवशी वॉचमनने तीनदा मोटर बंद केली. तिसऱ्या मजल्यावर पाणी नाही म्हणून ओरडा झाला. डायपोलला सरळ जोडलेल्या केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून उलटा प्रवाह खाली येत होता आणि टाकीच्या वायरीत उतरत होता. डायपोलच्या मधोमध, जोडाच्या लगेच खाली, एका मोठ्या फेराइट कड्यातून केबलचे अकरा वेढे घेतले, बझर गप्प. असे वेढे बारीक, लवचिक केबललाच घेता येतात. फेसाळ जाड केबल एवढी वळवली तर मधली तार हळूहळू एका बाजूला सरकते. वॉचमनला अजून वाटतं मी बझर दुरुस्त केला.

सगळं जोडून झाल्यावर पुन्हा मोजलं. वरचं टोक शॉर्ट करून, दोन्ही तुकड्यांसकट: १४५ ला १.३ डीबी, ४३५ ला २.४. मग अँटेना जोडला तर मीटर म्हणाला १.६! आधी १.२ म्हणायचा. पहिल्यांदाच त्याला अँटेना खरोखर दिसत होता आणि तो तेवढा काही चांगला नव्हता. सळया थोड्या वाकवून, उभी सळई सहा मिलिमीटर कापून १.३ वर आणला. दिवाळीत जे काम मी आंधळेपणाने चारदा केलं, ते अर्ध्या तासात झालं.

ऑगस्टमध्ये, संततधारेत, केबलचा लॉस पुन्हा मोजला. १४५ ला १.३ डीबीच.

त्याच आठवड्यात एका रात्री स्थानक नैर्ऋत्येकडून येत होतं. मी टेबलाशीच बसले होते, ४३७.८१० पासून सुरुवात केली, कारण ते जवळ येताना डॉप्लरमुळे फ्रिक्वेन्सी दहा किलोहर्ट्झने वर दिसते. रिपीटर उघडायला लागणारा ६७ हर्ट्झचा टोन लावला. बाहेर पाऊस कोसळत होता. गच्चीवर जायची सोय नव्हती आणि गरजही नव्हती. खरखर विरली, दक्षिणेकडचा एक स्टेशनवाला बोलत होता. तो थांबला तेव्हा मी कॉलसाइन दिला, दहा वॉटवर. त्याने तो अचूक परत सांगितला. रिपोर्ट ५९, म्हणजे स्वच्छ आणि खणखणीत.

काकांना फोन लावला. त्यांनीही ऐकलं होतं. अभिनंदन वगैरे काही नाही. म्हणाले, "छान. त्या अर्ध्या इंचीतला उरलेला तुकडा ठेवलायस ना? दोनेक मीटर असेल. मला दे."